तटस्थ

निमित्त घरगुती आहे, पण गाडी पुढे थेट सतराव्या शतकात जाणार आहे. तेव्हा ज्यांना इतिहासाचा कंटाळा असेल त्यांनी इथूनच चहाला उठावं. (धाकटी मावशी, तू नाही. तू वाचायचंच आहेस.)

तर गौरीजेवणाला आम्ही सगळे दहिवलीला आत्याकडे जमलो होतो. जेवणं झाली, पानं लागली आणि ठरल्याप्रमाणे खालापूरकडच्या शेताच्या बांधाचा विषय निघाला. आमच्या दोन चुलतभावांचं त्या बांधावरून चार वर्षं बोलणं बंद आहे. थोरल्याने सगळ्यांदेखत मला विचारलं, "तुझं काय म्हणणं?" मी साळसूदपणे म्हणालो, "दादा, मी आपला तटस्थ."

आत्या पानाला चुना लावत होती. मान वर न करता म्हणाली, "तटस्थ काय रे? धाकट्याच्या विटा पावसाळाभर कुणाच्या पडवीत आहेत?"

विटा माझ्याच पडवीत आहेत. मे महिन्यात त्याने विचारलं, 'जरा पावसाळाभर राहू देत', मी हो म्हणालो. नाही कसं म्हणणार? घरचाच माणूस. पण त्या एका वाक्यानंतर दादाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती काही विसरता येत नाहीये.

रात्री लोकलमध्ये बसून तोच शब्द घोळवत होतो. तट म्हणजे काठ. तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला. पाण्यात जे काय चाललंय ते चालू दे, मी आपला कोरडा. शब्द करणाऱ्याने बहुधा पावसाळ्यातला काठ पाहिला नसावा. आमच्या आत्याने २६ जुलै २००५ ला उल्हासचं पाणी ओट्यावर आलेलं पाहिलंय. जांभूळपाड्याच्या लोकांना १९८९ चा जुलै विचारा. पूर आला की नदीच्या मधोमध कुणीच नसतं, असतात ते काठावरचेच.

आणि मग आठवलं, की पावसाळाभर दुसऱ्याचं सामान पडवीत ठेवून 'आम्ही तटस्थ' म्हणणारा मी काही पहिला नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी मुंबईच्या इंग्रजांनी हेच केलं होतं. त्यांच्या पडवीत विटांऐवजी सिद्दीचं आरमार होतं, एवढाच फरक.

आता कर्जत-खालापूरच्या माणसाने समुद्रावर लिहावं का, असा प्रश्न येईल. आमच्याकडे समुद्र नाही. आमच्याकडे भात आहे, डोंगर आहेत आणि शनिवार-रविवारी मुंबईहून येणाऱ्यांची शेतघरं आहेत. पण नद्या बघा. उल्हास राजमाचीच्या पायथ्याच्या दरीतून निघते, कर्जत, नेरळ, बदलापूर करत कल्याणला जाते आणि पुढे वसईच्या खाडीला मिळते. पाताळगंगा खोपोलीवरून खालापूर, आपटा करत मुंबई बंदराच्या पाण्यात जाते. आणि तिसरी अंबा. ती आमच्या उंबरखिंडीजवळून वाहते, मग जांभूळपाडा, पाली, नागोठणे आणि धरमतरची खाडी. म्हणजे आमच्या तिन्ही नद्यांचं पाणी जातं समुद्रालाच, पण सतराव्या शतकात त्या प्रत्येकीच्या दारात दुसराच कुणीतरी बसलेला होता. उल्हासच्या दारात पोर्तुगीज : ठाणे त्यांचं, वसई त्यांची. बाकी दोघींच्या दारात एका बाजूला करंजा, तेही पोर्तुगीजांचंच, आणि समोर मुंबई, जी १६६८ पासून इंग्रज कंपनीच्या ताब्यात. शिवाय जंजिऱ्याचा सिद्दी मनात आलं की खाडीत शिरणार. पनवेल-पेणकडून मुंबईत भात-लाकूड घेऊन जाणाऱ्या होडीने करंज्यापाशी पोर्तुगीजांना जकात द्यावी, यावरून इंग्रज आणि पोर्तुगीज यांची वर्षानुवर्षं हमरीतुमरी चालली होती. मालाचा मालक तिसराच, आणि भांडण या दोघांचं.

त्या काळात समुद्रावर व्यापार करायचा तर नुसतं जहाज आणि माल असून भागत नसे. कागद लागे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे खूळ आणलं. त्यांच्या परवान्याला 'कार्ताझ' म्हणत. जहाजाचं नाव, नाखवा कोण, शस्त्रं किती, कुठून कुठे जाणार, अमुक माल न्यायचा नाही, तमुक माणसाला बसवायचं नाही, असं सगळं त्यात असे. कार्ताझ नसेल तर जहाज धरलं जाई. ज्या समुद्रावर आपल्याकडचे लोक शेकडो वर्षं ये-जा करत होते, त्याच समुद्रावर जायला आता एका परदेशी राजाच्या माणसांकडून चिठ्ठी घ्यायची. आणि घेत होते सगळे. मुघल बादशहाच्या घरची जहाजंसुद्धा घेत होती.

बरं, कागद असला म्हणजे सुटलात, असंही नाही. 'रहीमी' नावाचं एक मोठं जहाज होतं. मालकीण जहांगीर बादशहाची आई, मरियम-उझ-झमानी. सुरतेहून मक्केच्या वाटेवर व्यापारी आणि यात्रेकरू घेऊन जाणारं जहाज. १६१३ मध्ये पोर्तुगीजांनी ते सुरतेजवळ धरलं आणि वरच्या सुमारे ७०० माणसांसकट गोव्याला नेलं. जहाजाकडे पोर्तुगीजांचाच कार्ताझ होता! मग धरलं का? तर बादशहाने इंग्रजांना सुरतेत व्यापाराची मोकळीक दिली, त्याचा राग. बादशहाने मग पोर्तुगीजांचा व्यापार रोखला, त्यांची देवळं बंद केली, दमणवर फौज पाठवली, आणि १६१५ मध्ये कुठे तह झाला. बादशहाच्या आईची ही गत, तर राजापूरच्या एखाद्या सावकाराचं काय होत असेल ते समजून घ्या.

समुद्रावर जहाजं धरणारे लोक दोन तऱ्हेचे. एक सरळ चाचे. दुसरे सनदी चाचे. म्हणजे राजाच म्हणतो, 'माझ्या आरमाराला पैसे नाहीत. तुझं जहाज, तुझी माणसं. माझ्या शत्रूची जहाजं धर, वाटा मला दे, बाकी तुझं.' हातात राजाचं पत्र असलं की तो योद्धा, नसलं की दरोडेखोर. काम तेच. आणि अशा सनदी चाच्याच्या तावडीत तटस्थाचं जहाज सापडलं की खरी गंमत सुरू होते. जहाज एकाचं, माल दुसऱ्याचा, तांडेल तिसऱ्या देशाचा, निशाण चौथ्याचं. यातलं शत्रूचं काय आणि तिऱ्हाइताचं काय?

याचा सगळ्यात चमत्कारिक नमुना आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर घडला. कॅप्टन किड हे नाव तुम्ही लहान मुलांच्या गोष्टींत ऐकलं असेल. हा विल्यम किड इंग्लंडच्या राजाची रीतसर सनद घेऊन आला होता, फ्रेंचांची जहाजं धरायला आणि चाच्यांना पकडायला. सप्टेंबर १६९७ मध्ये तो कारवारला होता. ३० जानेवारी १६९८ ला केरळच्या किनाऱ्याजवळ त्याने 'क्वेदा मर्चंट' नावाचं जहाज गाठलं. बंगालहून सुरतेला निघालेलं. जहाज आर्मेनियन व्यापाऱ्यांनी भाड्याने घेतलेलं, तांडेल इंग्रज, आणि मालातला काही वाटा मुघल दरबारातल्या एका अमिराचा. किडने युक्ती केली. आपल्या जहाजावर फ्रेंच निशाण चढवलं. समोरच्याने साहजिकच जवळ असलेल्या परवान्यांमधला फ्रेंचांचा परवाना काढून दाखवला. झालं! फ्रेंच परवाना म्हणजे फ्रेंचांचं जहाज म्हणजे शत्रूचं जहाज. व्यापाऱ्याने जो कागद वाचण्यासाठी बाळगला होता त्याच कागदाने तो बुडाला.

किडही बुडालाच म्हणा. सुरतेत बोंब झाली, इंग्रज वखारीवर संकट आलं, लंडनने हात झटकले आणि २३ मे १७०१ ला किडला फासावर चढवलं. खटल्यात तो ओरडून सांगत होता की माझ्याकडे ते फ्रेंच परवाने आहेत, ते काढा. ते काही सापडले नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या सरकारी दप्तरात सापडले! सरकारी दप्तर ही चीज सगळीकडे सारखीच. (आमच्या बांधाचा मोजणीचा नकाशाही असाच कुठेतरी असणार.)

आता घराकडे वळू.

उंबरखिंड तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली आहे. नसेल तर या, खोपोलीहून फार लांब नाही. अंबा नदीच्या पात्रात स्मारक आहे. २ फेब्रुवारी १६६१ ला शाहिस्तेखानाचा सरदार कारतलबखान घाट उतरून कोकणात येत होता, बरोबर रायबाघन. शिवाजीमहाराजांनी त्याला खाली येऊ दिलं आणि त्या चिंचोळ्या जंगलवाटेत दोन्ही तोंडं बंद केली. पुढचं, पिण्याच्या पाण्यावाचून झालेला कोंडमारा, रायबाघनचा सल्ला, खंडणी देऊन सुटका, हे सगळं शाळेत झालंय. पण शाळेत तिथेच धडा संपतो. महाराज तिथून कुठे गेले? दाभोळ, संगमेश्वर करत खाली राजापूरला. आणि मार्च १६६१ मध्ये त्यांनी राजापूर घेतलं, इंग्रजांची वखार खणून काढली आणि इंग्रजांना कैद केलं.

का? इंग्रज तर तटस्थ होते!

त्यामागची गोष्ट जहाजांपासूनच सुरू होते. नोव्हेंबर १६५९ मध्ये प्रतापगडाखाली अफझलखान पडला, आणि लगोलग मराठी फौजा कोकणात उतरल्या. खानाची तारवं राजापूरच्या खाडीत पळून आली होती. मराठ्यांचं म्हणणं सरळ : शत्रूची तारवं, आमच्या हवाली करा. राजापूरच्या इंग्रज वखारीचा मुख्य हेन्री रेव्हिंग्टन. त्याचं म्हणणं, आदिलशाही अधिकाऱ्यांकडे आमचं येणं आहे, तेव्हा या तारवांवर आमचा हक्क आधी. आता तुम्हीच सांगा, सावकाराचं येणं आहे म्हणून शत्रूचं जहाज शत्रूचं राहत नाही का? हा प्रश्न साधा नाही. युरोपातल्या न्यायालयांत यावर तेव्हा वकिलांची घरं चालत होती. राजापुरात तो जानेवारी १६६० मध्ये तलवारीच्या जोरावर सुटायला निघाला. मराठ्यांनी इंग्रजांच्या दलालाला धरलं, त्याला सोडवायला गेलेल्या फिलिप गिफर्डलाही धरून खारेपाटणच्या किल्ल्यावर नेलं. रेव्हिंग्टनने शिपाई पाठवून गिफर्डला सोडवून आणलं. पुढे पत्रापत्री झाली, गोडीगुलाबी झाली. रेव्हिंग्टनने तर महाराजांना दंडाराजपुरीच्या कामी मदत करायची भाषाही केली.

इथपर्यंत इंग्रजांची बाजू निदान मांडता तरी येते. पुढे जे झालं त्याला इलाज नाही. १६६० च्या उन्हाळ्यात सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला. महाराज आत. आणि हाच रेव्हिंग्टन तोफ आणि दारूगोळा घेऊन पन्हाळ्याखाली हजर! आदिलशाहीकडून येणं वसूल व्हावं, मर्जी राहावी, हा हिशोब असणार. बरं, गुपचूप करावं, तर तेही नाही. इंग्रजी निशाण फडकावून गडावर गोळे टाकले. महाराजांनी वरून ते निशाण पाहिलं असणार.

म्हणून उंबरखिंडीनंतर राजापूर. मला वाटतं, आपण याला 'लूट' म्हणून सोडून देतो ते बरोबर नाही. ती एका तटस्थाने तटस्थपणा मोडल्याची शिक्षा होती, आणि गंमत म्हणजे खुद्द इंग्रजांनीही ते कबूल केलं. कैदेतून रेव्हिंग्टनचे सोबती सुरतेला आक्रोश करत पत्रं लिहीत होते, की कंपनीसाठी आम्ही मरतोय आणि तुम्ही काहीच करत नाही. १६६२ मध्ये सुरतेच्या वरिष्ठांचं उत्तर आलं, त्याचा मतलब असा : तुम्ही कंपनीचा माल राखताना पकडले गेला नाहीत. इंग्रजी निशाण लावून पन्हाळ्यावर गोळे टाकायला गेलात म्हणून पकडले गेलात. आपल्याच माणसांना इतकं खडखडीत उत्तर देणारा वरिष्ठ मी तरी नोकरीत पाहिला नाही. रेव्हिंग्टन आजारी म्हणून आधी सुटला, पण लवकरच वारला. बाकीचे फेब्रुवारी १६६३ मध्ये सुटले. आणि नुकसानभरपाई? ती इंग्रज मागतच राहिले. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला तेव्हा दहा हजार होनांचा आकडा ठरला.

त्याच बोलण्यांत इंग्रजांनी आणखी एक कलम मागितलं होतं : वादळाने आमचं जहाज तुमच्या किनाऱ्याला लागलं तर जहाज आणि माल आम्हाला परत मिळावा. रायगडाचं उत्तर आलं, कोकणची तशी रीत नाही. किनाऱ्याला लागलेलं राज्याचं. आणि तुम्हाला दिलं तर उद्या फ्रेंच आणि डच तेच मागतील. बाकीची कलमं पुष्कळशी मान्य झाली, पण या ठिकाणी दरबार अडून बसला. काठाचा कायदा काठावरच्यांचा, असं काहीसं.

मराठ्यांचं स्वतःचं धोरण काय होतं ते पाहायचं तर रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र काढावं. लिहिलं गेलं अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, पण पंत थोरल्या महाराजांच्या हाताखाली तयार झालेले. त्यात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा तोफा-गुराबांसाठी वाचलं आणि सावकारांचा भाग चाळून पुढे गेलो. या वेळी उलटं केलं.

पंत सांगतात, आरमाराचा खर्च बंदरांच्या उत्पन्नावर टाकू नका. का? तर मग आरमारवाले सावकारांना पिळतील आणि बंदरं ओस पडतील. खर्चाला मुलूख नेमून द्या. नुसतं हे एक कलम युरोपच्या सनदी चाच्यांच्या पद्धतीशेजारी ठेवून पाहा. तिकडे जहाज धरण्यावरच आरमाराचं पोट, इकडे पोटाची सोय आधी, मग समुद्रावर जा. (प्रत्यक्षात असं नेहमी घडलं असं मी म्हणत नाही. पगार थकले की कुणाचंही आरमार कुणालाही पिळतं.) पुढे पंत जहाजांच्या तीन जाती करतात. ज्याच्याकडे आपला कौल आहे, त्याच्या वाटेला जायचं नाही. जे शत्रूच्या मुलखातलं आणि कौलावाचून आहे, ते धरून आणायचं, पण मालाची नासधूस न करता, आणि सरकारला कळवायचं. काय करायचं ते सरकार ठरवील. आणि तिसरी जात : परमुलखातलं, दूरचं, शत्रूचं नसलेलं, पण कौलही नसलेलं जहाज. त्याचं काय? त्याला दमदिलासा देऊन बंदरात आणा, लाकूड-पाणी काय हवं ते पुरवा, सरकारला काही घ्यायचं असेल तर त्याच्या खुशीने विकत घ्या, माफक जकात घ्या आणि वाटेला लावा. कागद नाही, म्हणून तो शत्रू होत नाही. रहीमीकडे कागद होता आणि धरली, हे लक्षात ठेवून हे कलम परत वाचा.

पण हेच पंत टोपीकरांविषयी बोलताना एकदम सावध होतात. हे इतर सावकारांसारखे सावकार नाहीत, यांच्या पाठीमागे यांचे राजे आहेत. यांना खाडीच्या तोंडाशी, गडाजवळ जागा देऊ नका. व्यापार करू द्या, पण काठ देऊ नका. पन्हाळ्यावर फडकलेलं ते निशाण या परिच्छेदामागे कुठेतरी आहे, असं मला राहून राहून वाटतं.

आणि मुंबई तर काठच काठ.

१६७० नंतर जंजिऱ्याचा सिद्दी मुघल बादशहाचा आरमारी सरदार झाला. पावसाळ्यात जहाजं समुद्रात ठेवता येत नाहीत, ओढून सुरक्षित जागी घ्यावी लागतात. सिद्दीला मुंबई सोयीची, माझगावचा किनारा. इंग्रजांची पंचाईत अशी : सिद्दीला नाही म्हणावं तर बादशहा रागावणार, आणि कंपनीचा खरा धंदा सुरतेत, बादशहाच्या राज्यात. हो म्हणावं तर महाराज रागावणार, आणि मुंबईचं पोट समोरच्या किनाऱ्यावर, महाराजांच्या राज्यात. भात तिकडून, लाकूड तिकडून. मुंबई म्हणजे तेव्हा सात बेटं, खारट पाणी आणि ताप. म्हणून इंग्रज म्हणत राहिले, आम्ही कुणाचेच नाही, आम्ही व्यापारी. आणि सिद्दीची जहाजं माझगावला लागत राहिली.

ऑक्टोबर १६७३ मध्ये सिद्दीचं आरमार मुंबई बंदरात शिरलं आणि तिथून पेण आणि नागोठण्याच्या खाड्यांत घुसून दोन्ही काठांवर जाळपोळ केली. ऑक्टोबर म्हणजे आमच्याकडे हळवं भात कापून पडलेलं, निमगरवं उभं. त्यातलं पुष्कळसं मुंबईतच जायचं असतं! जाळणारा ज्या बंदरातून आला त्याच बंदराचं जेवण त्याने जाळलं. इंग्रजांनी कुरकुर केली, ती प्रामुख्याने रसद तुटल्याची. ज्यांचं भात जळलं ते ना मुघल, ना इंग्रज. महाराजांची रयत म्हणाल तर होते, पण त्यांनी कुणावर गोळे टाकले नव्हते. ते फक्त काठावर राहत होते.

१६७८ च्या पावसाळ्यात महाराजांचा संयम संपला. सिद्दी कासमची जहाजं माझगावला विसावली होती. महाराजांनी दौलतखान आणि दर्यासारंग यांना सुमारे चार हजार माणसांनिशी पनवेलला पाठवलं, खाडी ओलांडून जा आणि जहाजं जागच्या जागी जाळा. पनवेल म्हणजे आमच्या खालापूरचा शेजार. भर पावसात चार हजार माणसं आमच्या दारात येऊन उभी. पण समुद्र खवळलेला, होड्या पुरेशा मिळेनात, आणि पोर्तुगीज त्यांच्या हद्दीतून वाट देईनात. तेही तटस्थ! फौज हात हलवत परतली.

मग दुसरा उपाय. ऑगस्ट १६७९ च्या अखेरीस मायनाक भंडारी थोडी माणसं आणि चार लहान तोफा घेऊन खांदेरीच्या ओसाड बेटावर उतरला आणि तट बांधायला लागला. मुंबईच्या दाराला आता महाराजांची कडी. इंग्रजांनी जहाजं पाठवली, बेट आमचं म्हणाले. मायनाकाचं उत्तर, धन्याच्या हुकुमाशिवाय हलणार नाही. वेढा घातला तर थळ आणि नागावहून लहान लहान होड्या अंधारात, उथळ पाण्यातून, वल्ह्यांवर सामान पोचवत राहिल्या. इंग्रजांची मोठी शिडाची जहाजं वाऱ्याची वाट बघत उभी. १८ ऑक्टोबरला मोठी लढाई झाली, त्यात इंग्रजांचं 'डव्ह' मराठ्यांनी माणसांसकट धरलं. आणि आता कोण इंग्रजांच्या मदतीला आलं? सिद्दी. इतके दिवस पडवीत ठेवलेलं सामान पाहुणा होऊन घरात शिरलं. जानेवारी १६८० मध्ये त्याने शेजारच्या उंदेरीवर स्वतःचं ठाणं बसवलं, आणि ते इंग्रजांनाही नको होतं.

शेवटी १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी मराठ्यांशी तह केला. त्यातलं मुख्य कलम असं, की सिद्दीला मुंबईत पावसाळा काढू द्यायचा नाही, आणि द्यावाच लागला तर मराठी मुलखाला उपद्रव न करण्याच्या अटीवर. ३ एप्रिलला महाराज गेले. तो पावसाळा लागायच्या आत सिद्दीची जहाजं पुन्हा माझगावला होती.

इंग्रज खोटं बोलत होते का? मला आधी तसंच वाटायचं. आता तितकी खात्री वाटत नाही. त्यांना खरंच कुणाशीच लढायचं नव्हतं. तोफा थोड्या, शिपाई आजारी, सुरतेहून रोज हुकूम की खर्च कमी करा. सिद्दीला हाकललं असतं तर बादशहाने म्हटलं असतं, तुम्ही मराठ्यांना मिळालात. म्हणजे एकदा जहाजं लागू दिल्यानंतर ती काढायला सांगणं हासुद्धा पक्षपात. पहिल्या पावसाळ्यातच नाही म्हणायला हवं होतं, आणि पहिल्या पावसाळ्यात कुणाला काय माहीत असतं.

हे सगळं परवा आत्याला फोनवर सांगितलं. राजापूरचे दहा हजार होन ऐकून तिने विचारलं, "आणि पेणच्या लोकांना किती मिळाले?" मी म्हटलं, आत्या, तहात दोनच बाजू असतात. ती हं म्हणाली आणि गॅसवर काहीतरी ठेवलंय म्हणून फोन ठेवला.

काल मात्र हिंमत करून धाकट्याला फोन लावला. इकडचं तिकडचं बोललो, पाऊस, भात, मुलीची परीक्षा. मग म्हटलं, "अरे, त्या विटा तेवढ्या दिवाळीपर्यंत हलव."

तो क्षणभर गप्प. मग म्हणाला, "का रे? दादाकडून झालास का?"